अक्काची बादली

अक्का गेल्याचा निरोप बीदरला शाळेच्या फोनवर आला. हेडमास्तर म्हणाले, "सर, गुलबर्ग्याहून आहे," आणि त्यांच्या आवाजावरूनच मी समजलो. अक्का माझी थोरली बहीण. आता महिना होत आला. तिच्याविषयी लिहायला बसलो की आधी छाती फुगते... रडू मागून येतं.

हुलसूरच्या शेतातली ही पोर लग्न होऊन गुलबर्ग्याजवळच्या कारखान्याच्या क्वार्टर्समध्ये गेली. दाजी तिथं वाफेच्या तापलेल्या पाइपांना ॲस्बेस्टॉसची दोरी गुंडाळायचे. संध्याकाळी पिठाच्या गिरणीतून आल्यासारखे पांढरे होऊन यायचे. अक्का मागच्या दारात त्यांचे कपडे फाडफाड झटकायची, मगच धुवायची. आम्ही दाजींना गिरणीवाले म्हणून चिडवायचो. त्या धुळीत काय आहे, ते आम्हांला कुणी सांगितलंच नव्हतं.

एका वर्षी शहरातले डॉक्टर आले. ॲस्बेस्टॉसच्या धुळीनं होणारा रोग फुप्फुसात वर्षानुवर्षं गुपचूप बसतो, म्हणून खोकला नसला तरी दर वर्षी छातीचा फोटो काढा, असं त्यांनी समजावलं. पण डाग निघाला तर घरी बसवतील, या धास्तीनं निम्मे गडी फिरकलेच नाहीत. दाजीही घरातच बसले. अक्का भडकली आणि स्वतःच रांगेत जाऊन उभी राहिली. मी सुट्टीत आलेलो, तिच्या मागं होतो. टेबलावरच्या कारकुनानं सांगितलं, फोटो फक्त कामगारांचे.

अक्कानं आवाज चढवला नाही. "धूळ काय यादी बघून नाकात जाती व्हय, साहेब? ह्यांचे कपडे इतकी वर्षं मीच झटकायलेय."

डॉक्टरांनी कारकुनापुढची यादी ओढून घेतली. मग तळाशी त्यांनी स्वतः तिचं नाव लिहिलं.

दुसऱ्या दिवशी दाजीही शरमून फोटो काढायला गेले. त्यांचा फोटो स्वच्छ निघाला. डाग होता अक्काच्या छातीत, लहानसा. हैदराबादला ऑपरेशन झालं, फुप्फुसाचा तुकडा काढला. वेळेवर कळलं म्हणून वाचली, असं तिथले डॉक्टर म्हणाले. पुढं नऊ वर्षं जगली, लेकीचं लग्न केलं. दर वर्षी फोटोच्या दिवशी क्वार्टर्समधल्या बायकांना गोळा करून न्यायची. कुणी गडी चुकवायला लागला तर त्याच्या दारात जाऊन विचारायची, "बायका उभ्या हायत, तू कामून लपायलास?" कपडे झटकणं तिनं बंदच केलं होतं. मागच्या दाराबाहेर पाण्यानं भरलेली बादली असायची. कपडे आधी त्यात बुडवायचे, मग घरात पाय. बघता बघता सगळ्या चाळीच्या दारांत बादल्या आल्या. शेवटी दुखणं उलटलंच... पण माझ्या चौथी शिकलेल्या बहिणीनं किती घरं राखली, याचा मला फार अभिमान आहे.

तेराव्याला दाजी बाजारातून आले. रिटायर होऊन त्यांना दोन वर्षं झालीत; क्वार्टर सुटलं, पण अक्कानं नव्या घरातही बादली ठेवलीच होती. मागच्या दारात थांबले, अंगातला धुतलेला पांढरा सदरा काढला आणि बादलीत घातला.

"दाजी, सदरा साफ हाय की," मी म्हणालो.

"माझी धूळ तिनं खाल्ली, मास्तर," ते म्हणाले, आणि सदऱ्यातले बुडबुडे थांबेपर्यंत त्यांनी पाण्यातून हात काढला नाही.