ते वाक्य माझंच होतं

हे मी आजवर कुणालाच सांगितलेलं नाही. बायकोलाही नाही. आता सांगायला बसलो तर छाती धडधडते — आणि लाज याचीच वाटते, की भीतीनं नव्हे, हौसेनं धडधडते!

मी केजच्या शाळेत शिकवणारा, गोष्टी लिहिणारा माणूस. निजामाच्या राज्यात सभेला परवानगी कुठली मिळायला? म्हणून वाचनालयाचा समारंभ म्हणून आम्ही माणसं जमवली आणि मी वेठबिगारीवर बोललो. काय बोललो म्हणून सांगू! गोष्ट लिहिताना एकेका शब्दासाठी टाक चावत बसणारा मी — त्या दिवशी वाक्यं आपणहून धावत आली. ‘ज्या हातांनी फुकट ओझी वाहिली, ते हात आता वर करा!’ आणि खरंच सगळे हात वर गेले. लिहिणाऱ्याला हे कधी बघायला मिळतं का हो? मला स्वर्ग दोन बोटं उरला.

पुढच्या बाजारी बाबूभाई पिंजाऱ्यानं तेच वाक्य चावडीसमोर, अगदी माझ्याच थाटात म्हटलं. शिपायांनी त्याला धरलं. तहसीलदारांनी मला कचेरीत बोलावून विचारलं — हे शब्द तुमचे का? बाबूभाई समोरच उभा होता.

एक ‘होय’ पुरलं असतं. नोकरी गेली असती, तुरुंग दिसला असता, एवढंच ना? पण मी उर्दूत सुरू झालो. हुजूर, जनाब पेरत म्हणालो, मी अदबीचा माणूस, असली भडक भाषा माझी नव्हेच. या अडाण्यानं मनानंच जोडली असेल. आणि — हे सगळ्यात वाईट — उर्दू झकास जमली म्हणून मी मनातून खूशही झालो!

बाबूभाईनं एकदा माझ्याकडे बघितलं.

“मेराच है, सरकार,” तो म्हणाला. “मास्तर का नै.”

सहा महिने तो आत होता. त्याची बायको एकटी कापूस पिंजत होती. मी त्या गल्लीनं जायचंच सोडलं. लोक म्हणत, बाबूभाईनं मास्तरांचं नाव घेतलं नाही. मी कचेरीत त्याच्याबद्दल काय म्हणालो होतो, ते त्यानं कुणालाच सांगितलं नाही.

तो सुटला तेव्हा पुन्हा वाचनालयाच्याच नावाखाली त्याचा सत्कार झाला. भाषण अर्थात माझं. ‘या माणसानं खरं बोलायची किंमत मोजली’ म्हणताना माझाच गळा दाटून आला — आणि तेही खोटं नव्हतं!

“लई झ्याक बोललात, मास्तर,” हार गळ्यात घेऊन बाबूभाई म्हणाला.

लोक टाळ्या वाजवत होते. मी हात जोडून त्या घेतल्या.