मामांची मळमळ

सकाळी मळमळण्याची जगात जेवढी म्हणून कारणं असतील, तेवढी आमच्या घरमालकांनी स्वतःवर लावून पाहिली होती. शहरातल्या गारखेडा भागात त्यांच्या दोन खोल्यांत आम्ही नवराबायको भाड्यानं राहायचो. सगळी गल्ली त्यांना मामा म्हणायची. एकटा जीव. जन्म सिल्लोडकडं मेंढरांमागं गेलेला, उतारवयात मेंढरं विकून शहरात घर बांधलेलं. अधूनमधून उजाडलं की ओट्यावर बसून, छातीवर हात ठेवून, ते जुनं कारण रद्द करायचे आणि नवं जाहीर करायचे. एकदा दोष टूथपेस्टच्या फेसाला. महिनाभर राखेनं दात घासले. मग गुलमंडीच्या बाजारातून आणलेल्या चष्म्याला. तो काढून ठेवला आणि माझ्या स्कूटरला धडकून गुडघा फोडून घेतला. मग झोपायच्या दिशेला. बाज रोज थोडी थोडी फिरवता फिरवता शेवटी तिचे दोन पाय दाराबाहेर आले. डॉक्टरकडं चला म्हटलं की म्हणायचे, पित्त हाय, उतरंल. आम्ही पोट धरून हसायचो. हसायला काय जातंय म्हणा!

ती दुष्काळाची सालं. शहर चहूकडं वाढत चाललेलं, रोज नवी कॉलनी, आणि नळाला पाणी आठ-दहा दिवसांनी. पाणी आलं की अख्खी गल्ली आधीचं साठवलेलं पाणी शिळं म्हणून मोरीत ओतायची आणि भांडी ताज्यानं भरायची. मामांना ते बघवत नसे. एका डबक्यासाठी कळप घेऊन कोस कोस चाललेला माणूस तो. पाणी ओतणं त्यांच्या हातून व्हायचंच नाही. त्यांचा नियम एकच, आधी जुनं संपवायचं. जुनं संपेपर्यंत ताजंही जुनं होऊन जायचं. म्हणजे दारात नळ असून हा गृहस्थ ताजं पाणी कधी प्यायलाच नाही.

त्यात माझ्या बायकोला दिवस गेले. तिला सकाळी पाण्याच्या वासानंही उमासे यायचे. नळाच्या दिवशी मामा भरलेला पहिला हंडा आमच्या दारात आणून ठेवू लागले. तिनं नको म्हटलं तरी ऐकायचे नाहीत.

"तुझी मळमळ लेकराची हाय, माझी पित्ताची. ताजं तू पी."

मी तो हंडा निमूट आत घ्यायचो. त्यांच्या रांजणाचा वास मला ठाऊक होता. एकदा झाकण काढून पाहिलंही होतं, तळाशी हिरवं साचलेलं. ओतून द्यावं असं मनात आलं, पण घरमालकाशी कोण वाद घालणार, म्हणून झाकण परत ठेवून दिलं. शहाणा ना मी!

मामांना कावीळ झाली तेव्हा डोळे हळदीसारखे पिवळे झाले होते. मीच त्यांना दवाखान्यात नेलं. पाणी कुठलं पिता, हा डॉक्टरांचा पहिलाच प्रश्न.

"पाण्याला नावं नका ठेवू, साहेब," मामा म्हणाले.

आठव्या दिवशी ते गेले.

माझी लेक आता कॉलेजात जाते. नळाचं पाणी अजून तसंच, मर्जी होईल तेव्हा येतं. आलं की बायको साठलेलं पाणी मोरीत ओतते, आणि तो आवाज ऐकून माझ्या पोटात ढवळायला लागतं. काय होतंय बाबा, असं लेक विचारते. मी तिला सांगतो, पित्त आहे, उतरेल.