समोर पाणी होतं

आमच्या कुत्र्याच्या किडन्या गेल्यात हे कळलं तेव्हा तो तेरा वर्षांचा होता. पांढरा, पाठीवर एक तपकिरी ठिगळ, साधा गावठी कुत्रा. मुलगी आठवीत असताना महाल भागातल्या शिकवणीहून येताना त्याला दप्तरात घालून घेऊन आली होती, पुस्तकं हातात धरून. पुढं ती शिकायला पुण्याला गेली, तिथंच नोकरीला लागली, आणि कुत्रा आमच्याकडं राहिला. बायको त्याला भात कालवून द्यायची. फिरवणं, आंघोळ, दवाखाना हे सगळं माझ्याकडं होतं. मी नुकताच निवृत्त झालो होतो. पस्तीस वर्षं शाळेत विज्ञान शिकवलं होतं.

त्या हिवाळ्यात तो फार पाणी प्यायला लागला. अंगणात ठेवलेला पाण्याचा गंज, मोठं पातेलंच ते, दुपारपर्यंत रिकामा व्हायचा. थंडीत एवढं पाणी कशाला लागतं, असा प्रश्न मला पडायला हवा होता. पडला नाही. त्याच्या फासळ्या दिसायला लागल्या, तोंडाला वास यायला लागला, तेव्हा दवाखान्यात नेलं.

डॉक्टर माझी जुनी विद्यार्थिनी होती. रक्ताचा रिपोर्ट बघून ती म्हणाली की हे बरं होणारं नाही, पण नीट सांभाळलं तर त्याचे काही महिने चांगले जातील. मग तिनं मला पाण्याचं सांगितलं. निरोगी किडनी पाणी राखून ठेवते, याच्या किडन्यांना ते आता जमत नाही, जेवढं पितो तेवढं बाहेर जातं, म्हणून पाणी एक तासही तुटू द्यायचं नाही. मी म्हटलं, हे मला माहीत आहे. ती हसली. "माहीत असणारच, सर. तुम्हीच शिकवलंय."

खरंच शिकवलं होतं. दरवर्षी फळ्यावर रंगीत खडूनं दोन किडन्या काढायचो आणि मुलांकडून पाठ करून घ्यायचो.

सुरुवातीला मी मन लावून केलं, हे सांगायला हरकत नाही. मटण, कलेजी बंद झाली. भात, अंड्याचा पांढरा भाग आणि थोडं तूप, एवढंच. रोज सकाळी त्याच्या मानेमागची कातडी चिमटीत धरून मी सुई टोचायचो आणि खिडकीच्या गजाला टांगलेली सलाईनची बाटली हळूहळू आत सोडायचो. पाणी कातडीखाली साचलं की त्याच्या पाठीवर बैलासारखं वशिंड यायचं आणि ते घेऊन तो दुपारपर्यंत घरभर फिरायचा. बायको हसायची. शेजारी बघायला यायचे आणि म्हणायचे, सर, माणसाचं कोणी एवढं करत नाही.

मला ते ऐकायला आवडायचं. नंतर जे झालं त्याची मुळं बहुतेक त्या आवडण्यातच होती. कौतुक सकाळी व्हायचं. बाकी दिवसभर तो दिवाणाच्या पायाशी, दारात, कधी माझ्या चपलांवर लघवी करायचा. त्याच्या तोंडाचा वास अमोनियासारखा होता, तोही मला नावानिशी ओळखता यायचा. एप्रिल लागला, कूलर सुरू झाले, आणि तो वास ओल्या हवेबरोबर घरभर फिरू लागला. मी त्याच्यावर ओरडायला लागलो. एकदा ओली फरशी पुसताना तोच फडका त्याच्या तोंडावर मारला. तो हलला नाही. त्याला वाटलं असेल, मी त्याचं तोंड पुसतोय.

मे महिन्यात मुलीला बघायला पाहुणे यायचं ठरलं. मुलगा पुण्याचाच, तिच्या ओळखीचा, पण त्याचे आईवडील पहिल्यांदा येणार होते. मुलगी शनिवारी आली. रविवारी बारा वाजता मंडळी येणार होती. सकाळी बायकोनं विचारलं की कुत्र्याला बेडरूममध्ये ठेवून पंखा लावून देऊ का. मी नको म्हटलं. बेडरूमचं दार हॉलमध्येच उघडतं, वास आला असता. परसात आमची टिनाची शेड आहे, तिथं स्कूटर असते. मी म्हटलं, तिथं ठेवतो, तासाभराचा तर प्रश्न आहे.

"भट्टी होते वं तिथं दुपारी," ती म्हणाली नाही. हे वाक्य मी नंतर कितीदा तरी तिच्या तोंडी घालून बघितलं, म्हणजे मला 'तू म्हटलं होतंस आणि मी ऐकलं नाही' एवढा तरी दोष वाटून घेता आला असता. ती काहीच म्हणाली नाही, कारण मी त्या घरात कुणाला काही म्हणू देत नसे.

अकरा वाजता मी त्याला शेडमध्ये नेलं. पाण्यानं भरलेला गंज त्याच्यासमोर ठेवला, टिनाचं दार ओढलं आणि कडी लावली. मुलगी पार्लरमधून आल्यावर तिनं पहिल्यांदा त्याचंच विचारलं. मी म्हटलं, मागच्या खोलीत फॅनखाली झोपून राहिला, उठवू नको.

पाहुणे आले. कैरीचं पन्हं झालं, कोथिंबिरीची सांबारवडी झाली. मुलगी स्वयंपाकघरात असताना मुलानं विचारलं की काका, तो कुत्रा कुठं आहे, त्याच्याबद्दल खूप ऐकलंय. त्याची आईही म्हणाली, हो, दाखवा की. त्या वेळी मला एवढंच म्हणायचं होतं की तो आजारी आहे, वास येतो, मागं ठेवलाय. माझ्या तोंडून आलं, "तो कामठीला आहे, नातेवाइकांकडे. इथं पाहुण्यांचा त्रास नको त्याला." आणि मी हसलो.

त्यानंतर दहा-पंधरा मिनिटांनी मला तो आवाज ऐकू आला. परसातून, टिनावर नखं घासल्याचा. एकदा, थोडा थांबून पुन्हा. तो भुंकत नव्हता, भुंकण्याइतका जोर त्याच्यात उरला नव्हता. मी उठलो, म्हटलं काय गरमी होऊन राहिली, आणि कूलर फुल केला. आमचा कूलर जुना आहे. फुल केला की शेजारी बसलेल्या माणसाशीही मोठ्यानं बोलावं लागतं.

बोलणी चांगली झाली. जेवणं झाली. जेवण झाल्यावर मंडळी उठतील म्हटलं तर गप्पांना रंग चढला. नखांचं मी विसरलो. खरंच विसरलो, की विसरलोय असं स्वतःला सांगत होतो, हे मला आजही ठरवता येत नाही. साडेचारला पाहुणे निघाले आणि मुलगा-मुलगी दोघंही त्यांच्याबरोबर आइस्क्रीम खायला गेली. बायको ताटं घेऊन मागं गेली आणि तिथूनच तिनं मला हाक मारली.

दार उघडल्यावर आतून तव्यासारखी हवा तोंडावर आली. गंज उपडा पडला होता, फरशी केव्हाच वाळली होती. तो स्कूटरच्या चाकाला टेकून पडला होता, जीभ बाहेर, हिरड्या पांढऱ्या, डोळे अर्धे उघडे. टिनाच्या दारावर खाली ओरखडे होते आणि त्याची दोन नखं तुटून रक्त आलं होतं. मी त्याला उचललं. त्याचं पोट लहान मुलाच्या तापासारखं भाजत होतं. आम्ही त्याला हॉलमध्ये कूलरसमोर ठेवलं, ओल्या पंच्यात गुंडाळलं, बोटानं तोंडात पाणी सोडलं. मी सलाईन लावली. मुलगी यायच्या आधी बायकोनं शेडची फरशी धुतली आणि त्याच्या पंजांना हळद लावली.

मुलीला मी सांगितलं की दुपारपासून त्याला बरं वाटत नाहीये.

दुसऱ्या दिवशी सकाळी तीच त्याला मांडीवर घेऊन दवाखान्यात बसली. क्रिएटिनिनचा आकडा जवळजवळ दुप्पट झाला होता. डॉक्टर चक्रावली. पंधरा दिवसांपूर्वी तिनं रक्तदाबाची एक गोळी सुरू केली होती. ती म्हणाली की एवढं अचानक बिघडायची दोन कारणं असू शकतात. एक तर अंगातलं पाणी कमी झालं, नाहीतर ही गोळी त्याला सोसत नाही.

"सर, काल दिवसभर त्याच्यासमोर पाणी होतं ना?"

मुलगी माझ्याकडं बघत होती. तिचा एक हात त्याच्या मानेखाली होता.

"होतं," मी म्हटलं.

समोर पाणी होतं, हे तर खरंच होतं. अकरा वाजता होतं. पोरांनी असं उत्तर दिलं असतं तर मी त्यांना बाकावर उभं केलं असतं.

डॉक्टरनं पुन्हा विचारलं नाही. तिनं गोळी बंद केली. कागदावर त्या नावावर काट मारताना ती मुलीला म्हणाली, "सर एवढं करतात म्हणून तो आहे." मुलगी त्याच संध्याकाळी पुण्याला गेली. जाताना माझ्या खांद्यावर डोकं ठेवून रडली आणि म्हणाली, बाबा, तुम्ही आहात म्हणून मले काळजी नाही.

बाराव्या दिवशी सकाळी तो अंगणात तुळशीच्या कट्ट्यावर जाऊन आदळला. मला वाटलं तोल गेला. उठला आणि पुन्हा तिथंच आदळला. त्याच्या डोळ्यांच्या बाहुल्या मोठ्या, काळ्याभोर झाल्या होत्या. मी डोळ्यांपुढं हात हलवला, हाक मारली, तो भलतीकडंच बघत राहिला.

डॉक्टरनं बॅटरी लावून दोन्ही डोळे बघितले. रक्तदाब वाढून डोळ्यांचे पडदे सुटले होते. ती स्वतःला दोष द्यायला लागली. म्हणाली, सर, गोळी बंद करून दुसरी लगेच द्यायला हवी होती, मी चुकले, पण आधी किडनीचं बघावं असं वाटलं. तिचा चेहरा उतरला होता. शाळेत उत्तर चुकल्यावर व्हायचा तसाच.

मी तिला थांबवलं आणि त्या रविवारचं सगळं सांगितलं. शेड, कडी, उपडा गंज, किती तास. ती ऐकत असताना हातातल्या बॅटरीची उघडझाप करत होती.

"तेव्हा सांगितलं असतं, तर दोन दिवस सलाईन देऊन ती गोळी पुन्हा सुरू केली असती," ती म्हणाली. मग म्हणाली, "तरी डोळे वाचलेच असते असं नाही, सर." हे तिनं माझ्यासाठी म्हटलं, हे मला कळलं. तिनं नवीन गोळी लिहून दिली. मला कधी, किती द्यायची ते सांगायला नर्सला लावलं. त्यानंतर ती माझ्याशी नीटच वागली, पण माझ्या उत्तरांवर विसंबणं तिनं सोडलं. मी काही सांगितलं की ती स्वतः कुत्र्याची कातडी ओढून अंगातलं पाणी बघायची, हिरड्या बघायची. योग्यच केलं.

तो आणखी दोन महिने जगला. तो धडकू नये म्हणून मी घरातलं एकही सामान हलवलं नाही. दर तासाला पाणी त्याच्या तोंडाशी नेत होतो, वाटीवर चमचा वाजवून. तो आवाज ऐकला की शेपटी फरशीवर आपटायचा. त्या काळात मी त्याच्यावर एकदाही ओरडलो नाही, आणि त्याचं मला काहीही वाटत नाही. आंधळ्या कुत्र्यावर न ओरडणं हे काही फार मोठं काम नाही. शेजारी आता अंगणात थांबून बघायचे. एक म्हातारे गृहस्थ म्हणाले, सर, तुम्ही पुण्य कमावून राहिले. मी मान डोलावली.

श्रावणात एका सकाळी त्यानं सलाईन आत घेतली नाही, सगळं पाणी तसंच पायांकडं उतरलं. दुपारी माझ्या पायावर डोकं ठेवून तो गेला. मुलगी आली, होणारा जावईही बरोबर आला. माझ्या भावाच्या शेतात त्याला पुरून आम्ही घरी आलो आणि चहा घेत बसलो. जावई चांगला मुलगा आहे. काहीतरी बोलावं म्हणून तो म्हणाला, कुत्र्याची आणि माझी भेट राहूनच गेली, त्या दिवशी तो नेमका कामठीला होता.

मुलीनं कप खाली ठेवला. "कामठीले आपलं कोण आहे, बाबा?"

तेव्हा मी दुसऱ्यांदा सगळं सांगितलं. या वेळी डॉक्टरला न सांगितलेलं, नखांचं आणि कूलरचंही. जावई खाली बघत होता. बायको उठून आत गेली. मुलगी रडली नाही, ओरडली नाही. फक्त विचारलं, "मले काहून नाही सांगितलं दवाखान्यात?" मी म्हटलं, तू समोर होतीस म्हणून. खरं उत्तर तेवढंच होतं.

पुढचे दोन महिने तिचे फोन आईलाच यायचे. मी शेजारच्या खोलीत बसून ऐकायचो. लग्न ठरल्याप्रमाणं झालं. लग्नात तिनं माझ्याशी सगळ्यांसारखं वागून घेतलं, पाहुण्यांना काही कळलं नाही. निघताना पाया पडली. मी डोक्यावर हात ठेवला, आणि नेहमीचा आशीर्वाद तोंडाशी आला असूनही मोठ्यानं म्हणता आला नाही. ती क्षणभर तशीच वाकून थांबली, मग उठून आईकडं वळली.