इस्त्रीच्या दुकानापुढची सायकल

बीदरला बदली होऊन आले तेव्हा माझी खोली एका टोकाला आणि शाळा दुसऱ्या टोकाला होती. मधल्या रस्त्यावर ऑटो क्वचितच यायचा. शिकत असताना औरादकडच्या आमच्या गावाहून मी हायस्कूलला सायकलवरच जात असे, त्यामुळं गल्लीच्या तोंडाशी, बंद इस्त्रीच्या दुकानापुढं उभी असलेली निळी लेडीज सायकल पहिल्याच आठवड्यात माझ्या डोळ्यात भरली.

कुलूप नव्हतं. दोन्ही टायर बसलेले, चेन गंजलेली. मागं कॅरिअरवर लोखंडी जाळीची पेटी बसवलेली होती आणि तिच्यात येणाऱ्या-जाणाऱ्यांनी कचरा टाकला होता.

"कुणाची हाय ओ ही?" मी शेजारच्या किराणा दुकानदाराला विचारलं.

"कुणाची बी न्हाई, अक्का. इस्त्रीवाला दुकान बंद करून हैदराबादला गेला, तवापासून हितंच हाय. घेऊन जावा. न्हाईतर भंगारवाला नेईल एक दिवस."

मी लगेच नेली नाही. सापडलेली पेन्सिल टेबलावर आणून ठेवा, असं मी रोज पोरांना सांगते. मनाशी ठरवलं, एक महिना विचारायचं, आणि कुणीच आलं नाही तर घ्यायची. आमच्या गल्लीतल्या घराघरात विचारून आले. दुकानाच्या शटरवर चिठ्ठी चिकटवली, कन्नड आणि मराठी मी लिहिलं, उर्दू मात्र आमच्या शाळेतल्या एका मास्तरांकडून लिहून घेतलं. महिना सरला. कुणी आलं नाही. मी सायकल ढकलत दुरुस्तीवाल्याकडं नेली.

त्यानं टायर, चेन, सीट सगळं नवं घातलं. जाळीला हात लावून म्हणाला, "ही खडखड करायलीय. काढू का?"

"काढा," मी म्हणाले.

दोन महिने मी ती सायकल आपलीच समजून चालवली. मग एका दुपारी भाजी बाजाराजवळ, काठी टेकत चाललेल्या एका बाईनं माझं हँडल धरलं. पन्नाशीची असेल.

"माझी सायकल हाय ही! जाळी कुठाय माझी?"

मी खाली उतरले. आजूबाजूला माणसं थांबली होती. त्यातला एक म्हणाला, "बाई, तुमची कशावरून?" तिनं न बघताच हँडलच्या खाली बोट नेलं आणि सांगितलं, "हितं वेल्डिंगचा डाग दिल्याली गाठ हाय." मी हात लावून बघितलं. गाठ होती.

"घ्या, अक्का. तुमचीच हाय," मी म्हणाले. पण तिला ती चालवता येणार नव्हती, म्हणून मी ढकलत तिच्या घरापर्यंत गेले. वाटेत तिनं सांगितलं. एका वसतिगृहात ती स्वयंपाक करायची. लेकीच्या बाळंतपणाला भालकीकडं गेली आणि तिथंच पाय मोडून पडली. जाताना इस्त्रीवाल्याला सायकलवर लक्ष ठेव म्हणून सांगून गेली होती. तो दुकान बंद करून जाईल, हे तिला कुठलं ठाऊक? ती जाळी तिच्या मालकांनी, म्हणजे नवऱ्यानं, स्वतः वेल्डिंग करून बनवली होती. आता ते नव्हते.

"मी महिनाभर विचारलं, अक्का," मी म्हणाले. "तीन भाषांत चिठ्ठी लावली होती."

"मला एक बी वाचता येत न्हाई."

"सगळ्या गल्लीला विचारलं."

"तुमच्या गल्लीला इचारलंत. माझ्या गल्लीला कामून न्हाई इचारलंत?"

तिचं घर आमच्या मागच्या गल्लीत होतं. तिथल्या कुणीही सांगितलं असतं. मी तिकडं गेलेच नव्हते, आणि का गेले नाही हे त्या दारात उभं राहिल्यावर मला स्वच्छ कळलं. विचारणं मी प्रामाणिकपणानं केलं होतं, पण उत्तर मिळू नये अशी इच्छा धरून केलं होतं.

"जाळी मी आणून देते," मी म्हणाले.

"भंगारात गेली आसंल. कुठनं आणताव?"

"आणते."

दुरुस्तीवाल्यानं भंगारवाल्याचा पत्ता दिला. भंगारवाला हसला. "त्या ढिगात बघा, म्याडम. मला काय याद ऱ्हायलंय?" शाळा सुटली की मी तिथं जायचे. पहिल्या दिवशी पत्र्यानं हात कापला, तेव्हा दुसऱ्या दिवशी जाड हातमोजे घेऊन गेले. तिथले मजूर आधी हसले, पण पाचव्या दिवशी त्यांतल्या एकानं स्वतःहून वरचे जड पत्रे बाजूला केले. खाली जाळी होती, पार चपटी झालेली.

वेल्डिंगवाल्यानं ती ठोकून सरळ केली. एक कोपरा मात्र बसेना. तशीच घेऊन मी तिच्याकडं गेले. तिनं जाळी मांडीवर घेतली, चारी बाजूंनी हात फिरवला.

"हा कोपरा वाकडा ऱ्हायला."

"व्हय, अक्का. चुकलं माझं."

तिनं जाळी भिंतीला टेकवून ठेवली. मग म्हणाली, "बसा. च्या ठेवते."

मी पुन्हा पायी शाळेला जाऊ लागले, आणि दिवाळीनंतर एक जुनी सायकल, विकणाऱ्याचं घर बघून, त्याच्या बायकोसमोर विकत घेतली.

तिची काठी सुटायला उन्हाळा उजाडला. ज्या सकाळी ती पहिल्यांदा सायकलवर बसणार होती, त्या सकाळी मी तिथंच होते. एक पाय पेडलवर ठेवून तिनं दुसऱ्या पायानं दोनदा रेटा दिला, दोनदा थांबली.

"मागनं धरू का?" मी विचारलं.

"सोडा. मला येतंय," ती म्हणाली, आणि डगमगत, दात आवळून, वसतिगृहाच्या चढाला लागली.