भरलेला डबा आणि व्हाय-व्हाय

माझा धाकटा भाऊ चाकणच्या एका कंपनीत क्वालिटीला आहे. तिथे पार्ट रिजेक्ट झाला की ऑपरेटरला समोर उभं करून ‘का?’ विचारतात. उत्तर आलं की त्यालाही ‘का?’, मग त्यालाही. असं पाचदा केलं की खरं कारण सापडतं म्हणे. याला व्हाय-व्हाय म्हणतात. मशीनच्या बाबतीत उत्तम. अडचण एवढीच की भावाला एक मुलगीही आहे, सिनियर केजीतली.

ती शाळेतून डबा जसाच्या तसा परत आणू लागली. पोर वाळत चालली, पण कारण सांगेना. तेवढ्यात शाळेने पालकांसाठी संवादाचा वर्ग ठेवला. आमचे भाऊसाहेब सुट्टी टाकून पहिल्या रांगेत. मोशीतल्या आपल्या घरी परतले ते दीक्षा घेतल्यासारखे: मुलाच्या उंचीला यायचं, त्याची भावना ओळखून बोलून दाखवायची, उलटतपासणी करायची नाही.

संध्याकाळी प्रयोग. मी भेळेची ताटली घेऊन सोफ्यावर मोक्याची जागा धरली. साहेब गुडघे वाजवत फरशीवर बसले.

“तुला राग आलाय असं मला वाटतंय.”

“नाही आला.”

“मग वाईट वाटतंय.”

“नाही.”

वर्गातला माल संपला. कंपनी जागी झाली.

“डबा का नाही खाल्ला?”

“भूक नव्हती.”

“भूक का नव्हती?”

“पोट दुखत होतं.”

“का दुखत होतं?”

“डबा नव्हता खाल्ला.”

असला गोल जबाब त्याला सप्लायरनेही कधी दिला नसेल. आतून भावजय म्हणाली, “अहो, आता तिची सही घ्या आणि सोडा.”

पोरगी रडत आत पळाली. भाऊ फरशीवरच. “ताई, ही माझ्याशी बोलायचीच बंद झाली तर?”

मी ताटली त्याच्या हातात दिली. “खा. आणि गप्प बस.”

तो खात राहिला. थोड्या वेळाने पोरगी आली, त्याला टेकून बसली आणि ताटलीतले शेंगदाणे वेचू लागली. त्याने तोंड उघडलं, मी डोळे वटारले.

“डब्याचं झाकण मला उघडत नाही,” ती शेंगदाण्यांनाच म्हणाली.

डबा साहेबांनीच निवडलेला. चारी बाजूंनी क्लिपा, पाणी भरून उलटा धरून पास केलेला.

“अगं, मग आधी का नाही सांगितलंस?”

“तू विचारत होतास ना.”

भावजयीने जुना स्टीलचा डबा काढून दिला. पोरीने झाकण उघडलं, लावलं, पुन्हा उघडलं. साहेब नुसते बघत होते. तोंड मात्र पुढच्या ‘का’साठी उघडंच.