ताईचा कान आणि रुईची प्रेस

जवाहर चौकातल्या गादीवाल्याने काल सकाळी दुकानापुढे रुईची गाठ फोडली. लोखंडी पट्ट्या सुटल्या, आवळून बसलेली रुई सावकाश फुगत गेली आणि सरकीचा तो तेलकट, किंचित कुबट वास आला. वर्ध्याहून चार दिवसांसाठी आलेली ताई सोबत होती. तिने गाठीवर तळवा दाबून पाहिला; गाठीला दाब पुरता बसलेला नव्हता.

"भैया, गठान कच्ची दबी है."

"सही पकड़ा, माताजी," दुकानदार चपापून म्हणाला. आणि या हिंदी भाषक शहरातल्या मोठ्या कारखान्यात इंजिनियर म्हणून उभी हयात घालवलेल्या मला ताईचा जुना हेवा पुन्हा वाटला.

बाबा विदर्भातल्या एका जिनिंग कारखान्यात, रुईच्या गाठी दाबायच्या प्रेसवर फिटर होते. दोन मजली लोखंडी धूड होतं ते. वर माणसं पेटीत रुई तुडवून भरायची, खालून पाण्याच्या दाबाने जाडजूड दांडा चढायचा आणि खोलीभर ढीग एका गाठीत मावायचा. दाब पुरा झाला की पंपाचा सूर बदलायचा. बाबा आम्हा दोघांना डोळे मिटून तो ओळखायला लावत. मी दरवेळी घाईने ओरडायचो. ताई थांबायची, मग हळूच म्हणायची, "आता, बाबा." दाबाचा काटा नेमका खुणेवर असायचा. बाबांचा तेलकट हात तिच्या डोक्यावरून फिरायचा. माझं डोकं कोरडंच राहायचं.

एके दिवशी मी आईला सांगितलं, "ताईची वेणी आज यंत्रात जाता जाता राहिली." साफ खोटं. दुसऱ्या दिवसापासून ताईचं बाबांबरोबर प्रेसवर जाणं बंद झालं. मी भांग पाडून दारात उभा राहिलो. बाबांनी चपला घातल्या आणि एकटेच निघून गेले. पुन्हा त्यांनी मलाही कधी नेलं नाही.

काल संध्याकाळी अवधपुरीतल्या माझ्या घरी, ताई मेथी निवडत असताना, मी हे सगळं तिला सांगून टाकलं.

"ठाऊक आहे मला," ती मान वर न करता म्हणाली. "त्या दिवशी वेणी आईनेच वर बांधून दिली होती."

"मग तिने माझं ऐकलं कसं?"

"मी मोठी होत होते. तिला निमित्त हवं होतं, ते तू दिलंस." काही काड्या निवडून झाल्यावर ती म्हणाली, "बाबा मात्र एकटे पडले रे."

प्रेस केव्हाच भंगारात गेली, बाबाही गेले. हेवा तेवढा टिकला. साठी उलटली तरी मी तिच्यावर जळतो. आता कारण वेगळं आहे. सगळं ठाऊक असून ती दर भाऊबीजेला मला हसून ओवाळत राहिली. मला ते एकदाही जमलं नसतं.