मोटारखान्याचा उंबरा

नोकरीत पाहिलेले कितीतरी गुन्हे विसरलो, पण नंदुरबारची ती मोटारखान्याची फिर्याद अजून जशीच्या तशी डोळ्यांपुढे आहे. लढाईचे दिवस होते. पेट्रोल मिळेना म्हणून गावातल्या एका जैन शेटजींनी आपली मोटार विकली होती, आणि घराला लागून बांधलेला मोटारखाना रिकामा पडला होता.

मी तेव्हा हवालदार. मूळचा रत्नागिरीकडचा, शाळा पाचवीतच सुटलेली. इथली अहिराणी डोक्यावरून जायची आणि पंचनामा लिहिताना चूक होईल अशी सारखी धास्ती असायची. आमचे फौजदारसाहेब म्हणायचे, "लिहायचं मागाहून. आधी नीट बघून ये." त्यांच्या त्या शब्दावर माझी नोकरी तरली, असं मी आजही मानतो.

एके दिवशी सकाळची हजेरी संपते न संपते तोच शेटजी ठाण्यात आले. फिर्याद अशी, की आपण चार दिवस खापर गावी भावाच्या दुकानी गेलो असताना एका कुटुंबाने मोटारखान्याचं कुलूप तोडून आत बिऱ्हाड थाटलं. कुटुंब म्हणजे कापसाच्या जिनमधला एक कुणबी फिटर आणि त्याची बायको, तापीकाठच्या गावातून पोटासाठी आलेले. फिटरला आणून बाकावर बसवलं. बेकायदा घरात घुसल्याचा गुन्हा लागला की जिनमधली नोकरी जाणार आणि डोक्यावरचं छप्परही, हे त्याला कळत होतं.

"किल्ली शेटजीनीच दिधी, साहेब," एवढंच तो पुन्हा पुन्हा म्हणे.

"भाडेपावती?"

"पावती नही. शेटजीना शबद व्हता."

शब्दाचा पंचनामा कसा करणार? साहेबांनी मला जागा बघायला पाठवलं.

मोटारखाना तसाच होता, रुंद दार, खिडकी एकही नाही. आत चूल, दोन गोधड्या, चार भांडी. पण दारात गेलो आणि ठेच लागता लागता वाचलो. दारात चांगला वीतभर उंच लाकडी उंबरा! मला नवल वाटलं. मोटार आत जायची तिथं उंबरा कशाला? ती काय उडी मारून जाणार?

फिटरची बायको म्हणाली, "भाऊ, उंबरा नही ते घर कसानं? लक्ष्मी कोठे थांबी? सुतार आना नि बसाडी लिधा."

"शेटजींना विचारलं होतंस?"

तिने घाबरून शेटजींच्या घराकडे पाहिलं. मग हळूच म्हणाली, "माजीले इचारा."

माजी म्हणजे शेटजींची आई. पण फिर्यादीच्या म्हाताऱ्या आईला हवालदाराने एकदम काय विचारायचं? मी पुन्हा उंब‍ऱ्याकडे वळलो. त्यावर हळदीकुंकवाचे थरावर थर साचले होते. चार दिवसांच्या घुसखोराचं हे काम नव्हे. आणि बाजूला चौकटीवर शेंदराचा साथिया, म्हणजे स्वस्तिक, काढलेला, त्याच्या डोक्यावर तीन टिपके आणि वर चंद्रकोर. असला साथिया मी कुणब्याच्या दारावर कधी पाहिला नव्हता.

"हे तू काढलंस?"

"नही भाऊ. आम्हनामा आसं काढतस नही."

तिथून शेटजींच्या घरी गेलो. पाणी मागितलं, आणि पाणी येईतो दाराकडे पाहिलं. तोच साथिया, तेच तीन टिपके, तीच चंद्रकोर. दोन्ही दारांवर कोर डावीकडे जरा कललेली. पाण्याचा तांब्या घेऊन माजी स्वतःच आल्या.

मी म्हणालो, "माजी, हात छान आहे तुमचा. मोटारखान्याच्या दारावरही तुम्हीच काढलाय ना?"

"और कुण काढसी?" म्हातारी खुशीत म्हणाली. "बिचारी बहू नवे घर में आई. देहळी तो म्हैं ही पूजी ही." देहळी म्हणजे उंबरा, आणि तो माजींनीच पुजला होता.

फिर्याद देऊन शेटजी घरी परतले होते; आतल्या खोलीत त्यांच्या हातून काहीतरी खाली पडल्याचा आवाज आला.

ठाण्यात पुन्हा बोलावल्यावर शेटजी फार वेळ टिकले नाहीत, सगळं कबूल केलं. मोटारखाना म्हणून परवानगी घेऊन त्यात बिऱ्हाड ठेवलं, म्हणून म्युनिसिपालिटीची नोटीस आली होती. बिनखिडकीच्या, बिनमोरीच्या जागेत माणूस ठेवायचा तर वेगळी परवानगी लागते, हे त्यांना ठाऊक होतं. भाडेकरू ठेवला म्हटलं तर दोष आपला. लोक घुसले म्हटलं तर दोष त्यांचा.

फौजदारसाहेब शांतपणे म्हणाले, "शेटजी, दंड चुकवायला गरिबाला तुरुंगात घालता? माजींचा जबाब घेऊ का?"

"नको साहेब! आईला मधे नको."

फिर्याद खोटी म्हणून निकालात निघाली. म्युनिसिपालिटीचा ओव्हरसीअर येऊन बघून गेला. खिडकी पाडा, मोरी काढा, धुराला वाट करा, मगच राहण्याची परवानगी. गवंडीकाम संपेपर्यंत बिऱ्हाड माजींनी आपल्या ओसरीवर घेतलं. शेटजींना ते रोज ओलांडून दुकानात जावं लागे. मी गस्तीवर असलो की माजी मुद्दाम हाक मारून विचारीत, "जमादार, खिडकी देखी?"

त्या तपासाने मला एक गोष्ट शिकवली. खोटी फिर्याद देणारा माणूस कुलूप, किल्ली, तारीख, सगळं जुळवून येतो. पण ते खोटं आपल्या आईला सांगायचं धाडस फार थोड्यांना होतं. म्हणून पुढे फौजदार झालो तरी फिर्यादीच्या घरी गेलो, की आधी प्यायला पाणी मागायचो.